मास्तरांची मुलाखत

बावीस वर्षं मी लोकांना गाडी चालवायला शिकवली आणि तेवढ्या काळात शिकणाऱ्यावर एकदाही ओरडलो नाही. बढाई मारत नाही, धंद्याची गरजच ती. स्टीअरिंग धरून बसलेल्या घाबरट माणसावर ओरडलं की त्याचा पाय आधी थिजतो आणि मग नको त्या पेडलवर जाऊन बसतो. म्हणून समोरून ट्रक येत असला तरी आपण आपलं म्हणायचं, "हं, आता पाय हळूच उचला. छान. मी आहे शेजारी." तोवर आपल्या बाजूचा ब्रेक आपण दाबलेला असतो. मला सगळे मास्तर म्हणायचे ते त्यामुळेच. घरी मात्र गेले पाच महिने माझा आवाज चार घरं सोडून पलीकडे ऐकू जात होता.

कारण आता मीच शिकाऊ झालो होतो. वय अठ्ठेचाळीस, आणि नोकरीसाठी मुलाखती द्यायच्या.

झालं असं, की परवान्याच्या नूतनीकरणासाठी डोळे तपासले तेव्हा डाव्या डोळ्याच्या कडेचं दिसणं गेल्याचं निघालं. समोरचं सगळं स्वच्छ दिसतं, सुईत दोरा ओवून दाखवतो. बाजूने येणारं मात्र कळत नाही. ऑपरेशन नाही, चष्मा नाही. थेंब घातले तर आहे ते टिकेल, एवढंच. शिकवण्याचा परवाना गेला. जिथे ही तपासणी झाली त्याच डोळ्यांच्या हॉस्पिटलात माझी बायको नोंदणीच्या खिडकीवर सतरा वर्षं काम करते. रिपोर्ट माझ्याआधी तिने वाचला, आणि काही बोलण्याआधी मला पाण्याचा ग्लास आणून दिला. तेव्हाच मी काय ते ओळखलं.

पहिली मुलाखत एका गोदामात दिली. तिथल्या पोराने, हो, पोरगाच तो, विचारलं, "पाच वर्षांनंतर तुम्ही स्वतःला कुठे बघता?" मी म्हणालो, "त्रेपन्नाव्या वर्षात." मला वाटलं हसेल. त्याने ते लिहून घेतलं. दुसरी एका विमा कंपनीत. तिथले साहेब इतके भरधाव बोलत होते की माझा पाय टेबलाखाली आपोआप ब्रेक शोधायला गेला आणि त्यांच्या बुटावर पडला. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा त्यांनी खुर्ची मागे घेतली आणि "कळवतो" म्हणाले. ते आजतागायत कळवतायत.

मग वर्तमानपत्रात जाहिरात आली. शहराच्या आपत्कालीन मदत कक्षात फोन घेणारी सहा माणसं हवी होती. आग, अपघात, कुणी कोसळलं, की फोन तिथे जातो. वयाची अट पन्नासच्या आत, पूर्वीच्या कामाची अट नाही. अटींच्या खाली एक ओळ होती: 'घाबरलेल्या माणसाशी शांतपणे बोलता येणे आवश्यक.' ती ओळ मी तीनदा वाचली. घाबरलेली माणसं! अहो, मी आयुष्यभर दुसरं केलं काय? चार हजारांच्या वर घाबरलेली माणसं माझ्या हाताखालून गेली आहेत, आणि त्यातली पुष्कळशी आज रस्त्यावर इतरांना घाबरवतायत.

अर्ज स्वीकारला गेला. मुलाखतीची तारीख कळली आणि त्याच आठवड्यात बायको घरी येऊन, चपला काढता काढता म्हणाली, "आमच्या हॉस्पिटलची नवी शाखा निघतेय. तिकडे नोंदणी विभागाची प्रमुख म्हणून मला विचारलंय."

"तिकडे म्हणजे कुठे?" ठकीने विचारलं. ठकी म्हणजे आमची एकुलती एक. शाळेचं शेवटचं वर्ष, आणि जिभेला हाड नाही.

ती शाखा सहा तासांवरच्या गावात होती. राहायला खोली मिळणार, पगार जवळजवळ दीडपट. महिन्यातून दोनदा घरी येता आलं तर नशीब. ठकीची शाळा अर्ध्यावर सोडवता येत नव्हती, त्यामुळे गेली तर ती एकटीच जाणार होती. "अकरा खिडक्या आहेत म्हणे तिथे," बायको हसत म्हणाली. "अकरा खिडक्या आणि त्यांच्यावर मी. सुटेन तरी तुमच्या कटकटीतून."

आम्ही हसलो. पण माझं हसू लवकर संपलं. आमच्या घराचा सगळा गाडा ती ओढत होती हे मला कळत नव्हतं असं नाही. आता माझ्यापायी तिला घर सोडून परक्या गावात खोली घेऊन राहावं लागणार, हा विचार मला खाऊ लागला. म्हणून आमचं असं ठरलं: मला मदत कक्षात नोकरी लागली तर तिने नाही म्हणून कळवायचं, नाही लागली तर जायचं. ठरलं म्हणजे मी म्हणालो आणि ती काही बोलली नाही. योगायोग असा की तिने उत्तर द्यायची मुदत आणि माझी मुलाखत एकाच दिवशी आली. माझी दुपारी दोनला, तिची संध्याकाळी पाचपर्यंत.

त्या दिवसापासून आमच्या घरात माझ्या मुलाखतीशिवाय दुसरा विषय उरला नाही.

बायकोचा भाऊ एका मोठ्या ऑफिसात माणसं निवडायचं काम करतो. रविवारी तो चौसष्ट प्रश्नांची यादी घेऊन आला, सोबत त्यांची उत्तरं कशी द्यायची याचे नियम.

"भाऊजी, 'मी ब्रेक दाबायचो' असं म्हणायचं नाही. 'जोखमीचं व्यवस्थापन करायचो' म्हणायचं."

"आणि लोक गाडी बंद पाडायचे त्याला काय म्हणू?"

"'शिकण्याच्या प्रक्रियेतले टप्पे.'"

"अरे, चौकाच्या मधोमध गाडी बंद पाडून रडणाऱ्या बाईला टप्पा म्हणतोस तू?"

तो गेला, पण यादी राहिली. रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ठकी परीक्षक होऊन बसायची. माझा वाचायचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पुढ्यात अंडी उकडायचा टायमर. एका उत्तराला दीड मिनिट. टायमर वाजला की मी दचकायचो, आणि अंड्यांसाठी वाजला तरी दचकायचो.

"तुमचा सगळ्यात मोठा दोष कोणता?" ठकी आवाज जाड करून विचारायची.

"दोष म्हणजे... म्हणजे तसा..."

आतून बायको म्हणाली, "एकच सांगायचाय का?"

"बाबा, तू परत 'म्हणजे' म्हणालास! आजचा चौदावा!"

"ओरडू नकोस. ओरडल्याने माणूस शिकत नाही."

"मग तू का ओरडतोस?"

मला भीती वाटत होती, म्हणून ओरडत होतो. आंघोळ करताना मी उत्तरं पाठ म्हणायचो, शर्टाची बटणं लावताना म्हणायचो, आणि सतराव्या प्रश्नाचं उत्तर पंचविसाव्याला जोडून मोकळा व्हायचो. जेवण जाईना. माझ्या शेजारी बसून घामाघूम होणारी माणसं आठवायची. त्यांना मी किती सहज म्हणायचो, घाबरू नका! एखाद्याने तरी थोबाडीत द्यायला हवी होती.

एक दिवस ठकीने एकतिसावा प्रश्न काढला. "आम्ही तुम्हालाच का निवडावं?"

मी अडकलो. टायमर टिकटिकत होता. बायको हात पुसत दारात आली होती. ती यादीकडे न बघता म्हणाली, "कारण सतरा वर्षांत माझ्या खिडकीवरून एकही माणूस चुकीच्या डॉक्टरकडे गेलेला नाही. रांग कुठे तुंबणार ते मला मान वर न करता कळतं. आणि ज्यांना हे जमत नाही त्यांना मी ते शिकवू शकते."

ठकीने टाळ्या वाजवल्या.

"वा," मी म्हणालो. "आता हेच माझ्यासाठी बसवून दे बघू."

ती हसली आणि आत गेली. आम्ही बत्तिसाव्या प्रश्नाकडे वळलो.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी मी तीन शर्ट बदलले आणि शेवटी पहिलाच घातला. बायको कामावर निघताना दारात थांबली. "पाचच्या आत फोन करा. काहीही झालं तरी करा," ती म्हणाली. मी यादीतून मान वर न काढता हो म्हटलं. ती थोडी घुटमळली असावी, कारण दार लागल्याचा आवाज बराच उशिरा आला.

मदत कक्ष एका साध्याशा चार मजली इमारतीत होता. खाली टायरचं दुकान, वर हे. थांबायच्या खोलीत सात खुर्च्या, पाण्याचा एक कूलर आणि काचेची भिंत. काचेपलीकडे वीसेक माणसं कानाला हेडफोन लावून बसलेली. कुणी घाई करत नव्हतं, कुणी उठत नव्हतं, फक्त ओठ हलत होते. माझ्या शेजारी एक नर्स बसली होती, वॉर्डातल्या पाळ्यांना कंटाळून आलेली.

"तुम्ही कुठून?" तिने विचारलं.

"गाडी शिकवायचो."

"मग तुम्हाला काय भीती!" ती म्हणाली, आणि पुढ्यातला कागदी पेला तिने इतका चुरगळला की पाणी मांडीवर सांडलं. मला जरा बरं वाटलं. माणसाचा स्वभावच वाईट.

सव्वादोनला आत बोलावलं. समोर तिघं होते. मधल्या बाई कक्षाच्या प्रमुख. केस पांढरे, आखूड कापलेले, स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या. बोलायला लागल्या तशा हळू, एकेक शब्द सुटा करून. त्यांचा वेग ऐकून माझा पाय टेबलाखाली मुकाट्याने जागेवर राहिला.

"हे काम तुम्हाला का करायचंय?" त्यांनी विचारलं.

हा नववा प्रश्न होता. उत्तर तोंडपाठ होतं. 'माझ्या अनुभवाचं समाजोपयोगी रूपांतर' अशी त्याची सुरुवात होती. मी तोंड उघडलं आणि ते रूपांतर घशातच अडकलं. "बाई, खरं सांगू?" मी म्हणालो. "मला दुसरं काही येत नाही. घाबरलेल्या माणसाला धीर द्यायचा, एवढं येतं. ते गाडीत करत होतो. आता गाडी गेली."

डावीकडचे गृहस्थ हसले. बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी पेन खाली ठेवलं आणि ऐकू लागल्या. मग मी मेहुण्याचे सगळे नियम गुंडाळून ठेवले. चौकात गाडी बंद पाडून रडणाऱ्या बाईंची गोष्ट सांगितली. मागे पन्नास गाड्यांचे हॉर्न वाजत होते आणि मी त्या बाईंना विचारलं होतं, "सकाळी नाश्ता काय केला होता?" त्यांनी रडत रडत उत्तर दिलं, आणि उत्तर देता देता क्लच दाबला. गाडी सुरू झाली. तिघंही ऐकत होते. पाच महिन्यांत पहिल्यांदा मला कुणीतरी मास्तर म्हणून ऐकत होतं, आणि माझे डोळे भरून येतात की काय अशी मला धास्ती वाटली.

"आता एक फोन घ्या," बाई म्हणाल्या. "खोटा आहे, पण खरा समजून घ्या. पलीकडे आमचीच एक बाई बोलेल. जे कळेल ते कागदावर लिहा."

एका छोट्या खोलीत टेबल, हेडफोन, कोरा कागद, पेन. दार लावलं गेलं. छातीत धडधड इतकी वाढली की हेडफोनमधून मला तीच ऐकू येत होती. मग फोन वाजला.

"हॅलो! हॅलो, लवकर या हो! माझे सासरे... बाथरूममध्ये पडलेत... उठतच नाहीत..."

काय सांगू, तो आवाज ऐकला आणि माझी धडधड थांबली. असा आवाज मी हजारदा ऐकला होता. "ताई," मी म्हणालो, "मी आहे. ऐकतोय. दार उघडं आहे का?"

"अर्धंच उघडतंय... त्यांचा पाय अडकलाय..."

"बरं. ढकलू नका. हात आत जातो का बघा. जातोय? छान. पाय हळूच बाजूला करा. घाई नाही."

ती हुंदके देत होती. मी तिला एकेक पाऊल पुढे नेत गेलो. दार उघडलं. रक्त नाही. वय बहात्तर. हाक मारल्यावर डोळे उघडत नाहीत. श्वास? "त्यांच्या छातीकडे बघा ताई, मी मोजतो, तुम्ही सांगा." श्वास चालू होता. त्यांना कुशीवर कसं वळवायचं ते सांगितलं, वरचा गुडघा वाकवायला लावला, मान जराशी मागे. सगळं कागदावर लिहीत होतो, सुवाच्य. तिचा आवाज हळूहळू खाली आला. "हो... घेतायत श्वास," ती म्हणाली. "आता बरे दिसतायत."

"छान केलंत तुम्ही," मी म्हणालो. "अगदी छान. तिथेच बसून राहा."

हेडफोन काढून मी कागदाशेजारी नीट ठेवला. लागली नोकरी! मनातल्या मनात मी बायकोला फोनसुद्धा करून टाकला. 'नाही म्हणून कळव त्यांना,' मी तिला सांगत होतो. 'खोली नको, सहा तास नकोत, काही नको.'

प्रमुख बाई आत आल्या. त्यांनी कागद उचलला, वरपासून खालपर्यंत वाचला, उलटा करून मागची बाजू बघितली.

"सगळं लिहिलंय तुम्ही," त्या म्हणाल्या. "आता सांगा, गाडी कुठे पाठवू?"

मला प्रश्नच कळला नाही. मग कळला. पत्ता. मी पत्ता विचारला नव्हता. पाच मिनिटं त्या बाईशी बोललो, तिच्या सासऱ्यांचे श्वास मोजले, गुडघा वाकवला, आणि ती कोणत्या रस्त्यावरच्या कोणत्या घरात आहे हे एकदाही विचारलं नाही. तिला मी म्हणालो होतो तिथेच बसून राहा. कुठे?

"मी..." मी म्हणालो. "बाई, मला कधी विचारावंच लागलं नाही हो. मी नेहमी त्याच गाडीत बसलेलो असायचो. समोरचा माणूस कुठे आहे ते मला माहीतच असायचं."

त्या माझ्यासमोरच्या खुर्चीत बसल्या. "खरं सांगते," त्या म्हणाल्या, "तुमचं बोलणं ऐकून मलासुद्धा बरं वाटलं. पण आमची गाडी निघालीच नाही ना. इथे पहिला प्रश्न एकच असतो, कुठे आहात. नाव नंतर, काय झालं ते नंतर. फोन मध्येच तुटला तरी निदान आम्हाला ठिकाण माहीत हवं. पत्ता राहिला तर नापास, असा नियम आहे, मग बाकीचं कितीही चांगलं असो. नियम मीच केलाय, आणि कशामुळे केलाय ते मी तुम्हाला सांगणार नाही."

मी मान हलवली.

"तीन महिन्यांनी पुन्हा भरती आहे. वयात बसता तुम्ही. या."

तीन महिने! माझ्याकडे पाच वाजेपर्यंतचा वेळ होता.

बाहेर आलो तेव्हा चारला दहा कमी होते. टायरच्या दुकानासमोर उभा राहून मी फोन हातात घेतला आणि काय बोलायचं त्याची तालीम करू लागलो. सवयच लागली होती. 'हे बघ, झालं ते झालं.' नको. 'थोडक्यात गेलं.' खोटं. आता ती सही करणार, खोलीचं सामान बांधणार, आणि मी स्टेशनवर तिची पिशवी धरून उभा राहणार. रात्री परक्या खोलीत ती एकटीच जेवणार. माझ्या एका न विचारलेल्या प्रश्नामुळे. स्वतःचाच इतका राग आला की टायरवाला बघू लागला. शेवटी काही न ठरवताच फोन लावला.

"हॅलो," ती लगेच म्हणाली. "झालं?"

मी उत्तर देणार होतो, पण काहीतरी खटकलं. तिच्या फोनमागे नेहमी हॉस्पिटलचा गोंगाट असतो. नंबर पुकारणारं यंत्र, रडणारी लहान मुलं, 'थेंब घातले का' असं ओरडणाऱ्या नर्सा. आज काहीच नव्हतं. तिचा आवाज घुमत होता.

"कुठे आहेस तू?" मी विचारलं.

"कामावर. कुठे असणार?"

"कामावर कुठे?"

ती म्हणाली, "जिन्यात. मागच्या. तिसऱ्या मजल्यावर."

"कधीपासून?"

"जेवणाच्या सुट्टीपासून." म्हणजे तीन तास. सतरा वर्षांत खिडकी सोडून तीन तास बाहेर राहिलेली ही बाई नाही. "फॉर्म भरलाय. सही तेवढी राहिलीय. तुमचं काय झालं ते सांगा ना आधी."

"नापास झालो," मी म्हणालो. "ते सांगतो नंतर. तू जिन्यात का बसलीयेस?"

पलीकडून नुसता कागद चाळल्याचा आवाज आला. पूर्वीचा मी असतो तर म्हणालो असतो, मी आहे, घाबरू नकोस, छान होईल सगळं. ती वाक्यं जिभेवर आलीसुद्धा. पण थोड्या वेळापूर्वीच ती वाक्यं मी एका बाईला भरभरून दिली होती, आणि तिच्यापर्यंत कुणीही पोहोचलं नव्हतं.

"तुला जायचंय का तिकडे?" मी विचारलं.

"आता हे विचारताय?"

"आता विचारतोय."

मला वाटलं फोन तुटला.

"हो," ती म्हणाली. "जायचंय. मला ती अकरा खिडक्यांची जागा हवीय. पहिल्या दिवसापासून हवीय. सतरा वर्षं खिडकीत बसले, आता कुणीतरी विचारलं मला." तिचा आवाज फुटला. "आणि दुपारपासून मी इथे बसून मनात म्हणतेय की तुम्हाला नोकरी लागू नये. सकाळी तुमच्या तोंडावरची भीती बघून गेले, आणि तरी म्हणतेय. अशी कशी मी बाई? तुमचा फोन वाजला तेव्हा मी देवाला म्हटलं, तिकडून नकार आलेला असू दे. आणि तुम्ही नापास झालात."

मला राग आला. खोटं कशाला बोलू? इतके दिवस मी ज्या भीतीने अन्न टाकलं होतं, ती भीती मला एकट्यालाच होती. तिच्यासाठी म्हणून मी जे वाचवायला धडपडत होतो ते तिला नकोच होतं, आणि मला एका शब्दाने कळू दिलं नव्हतं. मग आठवलं, की कळू दिलं होतं. हात पुसत दारात उभी राहून तिने सगळं स्वच्छ सांगितलं होतं, आणि मी म्हणालो होतो, आता माझ्यासाठी बसवून दे.

"अहो, बोला ना काहीतरी," ती म्हणाली. "रागावलात?"

"रागावलो," मी म्हणालो. "पण तुझ्यावर किती आणि माझ्यावर किती, ते नीट कळत नाहीये. मागचा जिना म्हणजे औषधांच्या दुकानाकडचा का?"

"हो. का?"

"तिथेच थांब. येतोय मी. तू सही करशील तेव्हा मला तिथे असायचंय."

तेव्हा ती रडायला लागली, मोकळं, मोठ्याने, तीन तास दाबून धरलेलं. माणसाला शांत करायची वाक्यं माझ्याजवळ बावीस वर्षांची साठलेली होती. त्यातलं एकही मी काढलं नाही. फोन कानाला तसाच धरला आणि बसथांब्याकडे चालू लागलो.